इंजिन ट्यूनिंगचे पैसे घेतले, पण ट्यून काय केलं?

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : अ‍ॅव्हरेज न सुधारता ट्यूनिंगचे बिल लावल्याबाबत

महोदय,

अ‍ॅव्हरेज पडल्याची तक्रार लिहून मी माझी पेट्रोल गाडी तुमच्या बेळगावच्या अधिकृत वर्कशॉपला दिली होती. निपाणी-बेळगाव हायवेवर पूर्वी लिटरला 18 पडायचं, ते 14 वर आलं होतं. टाकी फुल्ल करून काढलेला हिशेब आहे, डॅशबोर्डवरचा आकडा नव्हे. वर्कशॉपने प्लग आणि एअर फिल्टर बदलले, इंजेक्टर साफ केले आणि ‘इंजिन ट्यूनिंग’ म्हणून वेगळी रक्कम लावली. अ‍ॅव्हरेज जिथल्या तिथं.

ट्यून केलं म्हणजे नेमकं काय केलं? कार्ब्युरेटरच्या गाडीत मेकॅनिक स्क्रू फिरवून मिक्स्चर बसवायचा. या गाडीत पेट्रोल किती सोडायचं नि स्पार्क कधी द्यायचा, हे सेन्सरवरून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरवतो. मग तुमच्या माणसाने फिरवलं काय?

परत गेलो तर सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणाले, “साहेब, तुम्ही लोअर गिअरला गाडी ओढताय.” सपाट हायवेला मी पाचव्यातच असतो. चढाला पाचव्यात इंजिन गुदमरायला लागलं की चौथा टाकतो, आणि तो टाकायलाच हवा. त्यावर उपाय काय सुचवला, तर तवंदी घाट उतरताना न्यूट्रल करा! गिअरमध्ये पाय उचलून उतरलं तर इंजेक्शनचं इंजिन पेट्रोलचा पुरवठाच बंद करतं. न्यूट्रलला मात्र आयडलिंगचं पेट्रोल जळतच राहतं. शिवाय इंजिनचा रोध जातो, सगळा भार ब्रेकवर येतो. घाटात मागे उसाचा ट्रक असताना हा सल्ला कंपनीच्या काउंटरवरून मिळावा, कमाल आहे.

शेवटी निपाणीतल्या एका गॅरेजवाल्याने स्कॅनर लावून चक्कर मारली. हायवेला कूलंटचं (इंजिनभोवती फिरणाऱ्या पाण्याचं) तापमान 65 अंशांच्या वर जाईना. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारा व्हॉल्व्ह, उघडाच अडकलाय. इंजिन थंड आहे असं समजून ईसीयू जादा पेट्रोल सोडतोय. टेंपरेचरचा काटा खाली राहतो, हे मी पहिल्याच दिवशी जॉब कार्डवर लिहून दिलं होतं. प्रत सोबत जोडली आहे.

गाडी वॉरंटीत आहे. थर्मोस्टॅट विनामूल्य बदलून द्यावा, ट्यूनिंगची आणि इंजेक्टर सफाईची रक्कम परत करावी, आणि न्यूट्रलचा सल्ला इतर गिऱ्हाइकांना देऊ नये अशी लेखी सूचना त्या वर्कशॉपला द्यावी. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. दुरुस्तीनंतरच्या टेस्ट ड्राइव्हला स्कॅनर लावलेला असावा. मी शेजारी बसणार आहे.

आपला,
एक ग्राहक, निपाणी

सोबत : बिल व जॉब कार्डची प्रत