कुत्री लावण्याआधी (नराशी संयोग करवण्याआधी): इंदूरच्या श्वानपालक सभासदांसाठी सूचना

‘डॉक्टरच ब्रीडर आहेत’ एवढ्यावर विसंबू नका. पदवी महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाची असो वा कुठली, ती गाई-म्हशींसकट सगळ्या जनावरांची. ब्रीडिंगची नोंदणी वेगळी, राज्य पशुकल्याण मंडळाकडची. दोन्ही कागद मागा.

18 महिन्यांआधी कुत्री लावायची नाही, आयुष्यात 5 वेतांच्या वर नाही. श्वान प्रजननाचा केंद्राचा 2017 चा नियमच आहे. माजाचे रक्त दिसले की लावण्यासाठी ‘अकरावा दिवस’ मोजत बसू नका. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दोन-तीन दिवसांआड रक्तातले प्रोजेस्टेरॉन (लावण्याचा योग्य दिवस सांगणारे संप्रेरक) तपासा. दिवस चुकतो, पोट रिकामे राहते, आणि बोल मात्र नराला!

लावल्यापासूनच्या 57 व्या दिवसापासून गुदद्वाराचे तापमान सकाळ-संध्याकाळ घ्या. 99 फॅरनहाइटखाली उतरले की साधारण 24 तासांत विते. पिल्ले 8 आठवड्यांची झाल्याशिवाय देऊ नयेत.