सौभद्र बसवणाऱ्या मित्रास

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

देवळाच्या उत्सवात यंदा 'सौभद्र' हे संगीत नाटक करायचं ठरलं, हे फार बरं झालं. गोव्यात नाटकाला माणसं जमतात, त्याची चिंता नको. चिंता पदांची, म्हणजे नाटकातल्या गाण्यांची कर. तू दोन गोष्टी विचारल्या आहेस: पदं किती ठेवायची, आणि ह्या वयात प्रयोगाआधीची रंगपूजा आणि सुरुवातीचं स्तवन, म्हणजे नांदी, ह्यांवर माझा खरंच विश्वास उरला आहे का. आधी पदांचं बघू, ते सोपं आहे.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' उभं केलं त्यात दोनशेच्या वर पदं होती. १८८२ चं 'सौभद्र'ही त्याच घाटाचं. तेव्हा लोक रात्र काढायच्या तयारीने येत. तुला मध्यंतर धरून तीन तासांत आटपायचं, म्हणजे अठरा-वीस पदं, प्रत्येकी तीन-चार मिनिटं. कापताना पद गोड आहे का ते पाहू नकोस. जे काढल्यावर पुढचं वाक्य लंगडं पडतं, ते ठेव. मोकळं गायला दोनच पदं दे, एक सुभद्रेला, एक अर्जुनाला. बाकीच्यांनी ताना घरी घ्याव्यात.

अर्जुन काळी एकला आणि सुभद्रा काळी चारला (पेटीच्या काळ्या पट्ट्यांवरून सांगितलेला ज्याचा-त्याचा सा) गाणार असतील तर तबलजीकडे दोन्ही पट्ट्यांचे तबले लावून ठेवलेले हवेत. भर प्रवेशात हातोडी चालवली की मागच्या रांगेलाही ऐकू जाते. उघड्या मांडवात रात्री हवा दमट झाली की पुडी (तबल्याचं चामडं) सैल पडून तबला उतरतो, दिव्यांच्या झोतात असला तर उलट चढतो. म्हणून दर अंकाचा पडदा पडला की सूर तपासायचाच, ठीक वाटत असला तरी.

तुमचा ऑर्गन बरीच वर्षं बंद आहे म्हणतोस. एखादा स्वर बोट न लावता वाजत राहिला तर त्या पट्टीखालची झडप नीट बसत नाही. मुका झाला तर बहुतेक वेळा रीडमध्ये (स्वर देणाऱ्या धातूच्या पातीत) कचरा अडकलेला असतो. रीड काढून मऊ ब्रशने झाड. पॉलिशपेपर मात्र लावू देऊ नकोस. धातू घासला की सूर सरकतो. भाता गळत असेल तर वाजवणाऱ्याचे पाय थकतात आणि जोरकस जागेवर आवाज बसतो. त्याचं कापड-चामडं बदलायला जाणता माणूसच लागतो.

आता मुख्य गोष्ट, उचल, म्हणजे बोलण्यातून गाण्यात शिरणं. हौशी नाटकात पद इथेच पडतं. नट वाक्य संपवतो, थांबतो, ऑर्गनवाला मोठ्याने षड्ज (सा) देतो, नट घसा खाकरतो आणि प्रेक्षकांकडे तोंड करून गायला लागतो. तेवढ्यात सुभद्रा संपली, गायिका उरली! ऑर्गनने शेवटच्या वाक्याच्या खालीच हलका षड्ज-पंचम (सा-प) धरायचा. नटीने शेवटचा शब्द त्या सुराच्या जवळ आणून सोडायचा आणि त्याच श्वासाच्या ओघात मुखडा, म्हणजे पदाची पहिली ओळ, उचलायचा. तबला समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येईल. एकेका पदाची ही जोडणी दहा-दहा वेळा घोटून घे, पूर्ण पद तितक्या वेळा नाही म्हटलं तरी चालेल. आणि नऊवारी, शेला, मिशा घालूनच तालीम कर. कंबर करकचून बांधली की श्वास पोटात उतरत नाही, वरचा ओठ गोंदाने ताणला की 'प', 'ब', 'म' फसतात.

राहिला विश्वास. नट-गायक बालगंधर्वांची (नारायणराव राजहंसांची) गोष्ट तुला ठाऊक आहे: १९११ साली 'मानापमाना'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांची लहान मुलगी वारली आणि ते तरी उभे राहिले. ही गोष्ट नव्या पोरांना कित्ता म्हणून सांगतात ते मला पटत नाही. घरात दुःख असेल तर प्रयोग पुढे ढकलावा. पण त्यांच्या गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवा तबल्याला आणि कादरबक्ष सारंगीला बसत, आणि पुढे 'कान्होपात्रा' नाटकात नारायणराव विठ्ठलाला आळवत, त्यात मात्र मला धर्म दिसतो. शब्द मोडायचा नाही, भाव असेल तिथेच हरकत घ्यायची, साथीदाराला जागा द्यायची. हे पाळलं की कोण कुणाचा भक्त, हे विचारायची वेळच येत नाही.

रंगपूजा करच. नटराजासमोर सगळे उभे राहतात, पायातलं काढतात, कुजबुज थांबते. तिसऱ्या घंटेआधी घाबरलेल्या पोरांना तेवढी दोन मिनिटं हवीच असतात. नारळ मात्र विंगेबाहेर फोड, पाणी वायरींवर जातं. नांदीला सगळ्यांनी एका पट्टीत गायचं असतं. तेव्हाच कळतं की मांडव भरल्यावर आवाज किती दबतो आणि कुठला माइक शिट्टी मारतोय. साउंडवाल्याला त्या वेळी चहाला सोडू नकोस. देव आहे की नाही ह्याचा माझा हिशेब अजून लागलेला नाही, नांदी सुरू झाली की हात मात्र आपसूक जुळतात.

ऑर्गन दुरुस्त करणारा मिळाला की कळव. नसेल मिळत तर साधी पेटी घे, पण दुहेरी सुरांची. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुरेश