संदर्भ शोधणे अभ्यासक्रमात शिकवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नाशिकच्या एका महाविद्यालयातून मी नुकताच ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालो. अखेरच्या वर्षी इतिहासाची एक पदव्युत्तर विद्यार्थिनी पांडवलेण्यांवरील प्रकल्पासाठी चार पुस्तकांची यादी घेऊन आली. लेखक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठे, सारे व्यवस्थित लिहिलेले होते. दीड दिवस सूची धुंडाळल्यावर कळले की, त्यांतील तीन पुस्तके अस्तित्वातच नाहीत. यादी मोबाइलवरील चॅटबॉटने रचून दिली होती.

मी तिला दोष देत नाही. पुस्तके कोणत्या कपाटात आणि उशिराचा दंड किती, एवढेच सांगणाऱ्या पहिल्या आठवड्यातील ग्रंथालय-परिचयापलीकडे तिला कोणी काही शिकवलेच नव्हते. आम्ही मग एकत्र बसलो. 'ही लेणी पांडवांनी कोरली' हे वाक्य तिला कितीतरी संकेतस्थळांवर मिळाले होते, पण शब्द न् शब्द सारखाच असल्याने तो एकाच मजकुराचा उतारा आहे, अनेक पुरावे नव्हेत, हे तिने स्वतःच ओळखले. त्यानंतर शिलालेखांची वाचने छापणाऱ्या 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडातील फ्रेंच अभ्यासक सेनार यांचे वाचन काढले. ३ क्रमांकाच्या लेण्यातील शिलालेखात सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षी त्याची आजी गौतमी बलश्रीने ते लेणे बौद्ध भिक्षूंना दिल्याची नोंद आहे. मूळ लेखापर्यंत पोचल्यावर तिच्या चेहऱ्यावर उमटलेला आनंद मी विसरणार नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांतील, इतरांच्या लेखनाशी १० टक्के साम्याची मर्यादा विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते, त्यामुळे शब्द बदलून टक्का कसा उतरवावा हे ते विचारतात, संदर्भ कसा द्यावा हे क्वचितच. वास्तविक शैक्षणिक सचोटीची तत्त्वे पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमात अनिवार्य घटक म्हणून असावीत, असे त्याच नियमांत म्हटले आहे. त्या भागाकडे मात्र दुर्लक्ष होते. साधनांची वानवा नाही. देशभरातील प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात, 'एन-लिस्ट' या महाविद्यालयांसाठीच्या योजनेतील ई-साहित्य अनेक महाविद्यालयांकडे आहे आणि १८४० सालापासूनचे सार्वजनिक वाचनालय तर आपल्या शहरातच आहे. माझ्या अनुभवात 'एन-लिस्ट'चा पासवर्ड मागायला वर्षाकाठी मोजकेच विद्यार्थी येत.

म्हणून माझी विनंती आहे की, अभ्यास मंडळांनी माहिती शोधणे, पारखणे आणि तिचा संदर्भ देणे यासाठी किमान एक श्रेयांक (क्रेडिट) ठेवावा आणि तो विषयशिक्षक व ग्रंथपाल यांनी मिळून, विद्यार्थ्याच्या चालू प्रकल्पावरच शिकवावा. स्वतंत्र व्याख्यानांतून हे कौशल्य येत नाही. तोपर्यंत प्रकल्पाच्या मार्गदर्शकांनी निदान संदर्भसूचीतील कोणत्याही दोन नोंदींवर बोट ठेवून, 'हे तू कुठे पाहिलेस?' असे प्रत्येक विद्यार्थ्याला विचारावे.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल, नाशिक