बार्शी लाईट मीटरगेज नव्हती ओ, संपादक साहेब

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत बार्शी लाईटवर, म्हणजे कुर्डुवाडीवरनं बार्शी, लातूर, पंढरपूर, मिरजेला जाणाऱ्या आपल्या जुन्या छोट्या गाडीवर, पानभर लेख आला, फोटोसकट, बघून लई बरं वाटलं कारण या गाडीवर कुणी लिहितच नाही, पण दुसऱ्याच ओळीत "बार्शीची मीटरगेज गाडी" असं छापलेलं वाचलं आणि चहा तिथंच राहिला. मीटरगेज नव्हती ओ ती. नॅरोगेज. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. मीटरगेजपण आपल्याकडं होती की, पण ती वेगळी, होटगीवरनं विजापूर करत गदगला जाणारी. आणि आपली मेन लाईन, जिच्यावरनं सिद्धेश्वर आणि हुतात्मा पळतात, ती 1676 मिलिमीटरची ब्रॉडगेज, 1860 साली सोलापूरला पोचलेली. एकाच जिल्ह्यात तीन मापाचे रूळ होते साहेब, मुंबईच्या लोकांना सांगितलं तर खरं वाटत नाही.

तुम्ही म्हणाल पाऊण फुटाच्या फरकानं काय बिघडतं. वाचणाऱ्याचं काही बिघडत नाही. माझं बिघडतं, कारण मी ती गाडी घरात बांधतोय.

माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, दिवसभर बोअरच्या मोटारी आणि कूलरचे पंखे, आणि रात्री जेवण झालं की माळ्यावर चढतो. तिथं सहा फूट बाय दोन फूट प्लायवुडवर याच लाईनीवरच्या मोडनिंब स्टेशनचं मॉडेल उभं राहतंय, नॅरोगेजच्या काळातलं, गेली चार वर्षं. स्केल एचओ, म्हणजे खऱ्याच्या 87 वा भाग. आता गंमत बघा, 762 ला 87 नं भागलं की पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास येतं आणि एन गेज म्हणून एचओपेक्षा बारक्या मॉडेलगाड्यांचे तयार रूळ बाजारात मिळतात ते नऊ मिलिमीटरचे. पाव मिलिमीटरचा फरक, कुणाच्या बापाला कळत नाही. उलट ब्रॉडगेज बांधणाऱ्यांचे हाल, त्यांना 19 च्या वर पाहिजे आणि एचओचे तयार रूळ साडेसोळाचे, कारण ते परदेशातल्या 1435 च्या मापावर काढलेले. त्यामुळं आपल्या इंजिनाचं मॉडेल कितीही देखणं असलं तरी समोरनं बघितलं की चाकं पोटात ओढून घेतल्यासारखी दिसतात. बार्शी लाईटवाल्याला हा त्रास नाही. हा एक फायदा सोडला तर बाकी सगळं हातानंच करावं लागतं, कारण आपल्या या गाडीचं मॉडेल तयार कोण विकतंय.

जमीन म्हणून खरी काळी माती टाकलीय, चहाच्या गाळणीनं चाळून, फेव्हिकॉलच्या पाण्यावर बसवून. रुळाखालची खडी म्हणजे वाळूचा चाळ. वाळलेलं गवत म्हणजे जुन्या केरसुणीचे तुकडे (ही केरसुणी जुनी नव्हती असं घरात म्हणणं आहे). आणि धूळ बसू नये म्हणून वरनं आपली सोलापुरी चादर, डबल बेडची, बरोब्बर बसते.

सगळी लाईन बांधा की असं एक गिऱ्हाईक मला म्हणालं. हिशोब करून दाखवला. पहिला तुकडा कुर्डुवाडी ते बार्शी, 1897 साली सुरू झालेला, जेमतेम 34-35 किलोमीटर, तर तेवढ्यालाच या स्केलमध्ये 400 मीटर रूळ लागतील. पुढं 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर, 1927 ला मिरज, सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटर. माळा पुरायचा नाही.

लेखात अजून एक चूक आहे ती जास्त लागली. "इंग्रज सरकारनं बांधलेली." सरकारची नव्हती ती. लंडनमध्ये 1895 साली काढलेली खाजगी कंपनी होती आणि सरकारनं ती विकत घेतली 1954 ला, म्हणजे स्वातंत्र्य मिळून सात वर्षं होईपर्यंत आपण खाजगी गाडीनं विठोबाला जात होतो. त्यामागं डोकं होतं एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरचं, हा आधी आपल्या जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत नोकरीला होता. त्याची आयडिया साधी पण जबरदस्त. इंजिन असो का मालाचा डबा, कुठल्याच ॲक्सलवर, म्हणजे चाकांच्या जोडीमधल्या दांड्यावर, पाच टनांच्या वर वजन नाही. छोट्या रेल्वेवर इंजिनाच्या वजनाला धरून रूळ टाकायचे आणि त्यावरनं हलके डबे न्यायचे, म्हणजे रुळाची ताकद फुकट जायची. यानं डबे असे बनवले की ते पण पाच टनांपर्यंत भरता यावेत आणि इंजिनाचं वजन जास्त चाकांवर वाटून टाकलं, आठ चाकं दांड्यांनी एकमेकांना जोडलेली आणि मागं चार बारकी. त्यामुळं रूळ कसला पुरला तर यार्डाला (म्हणजे तीन फुटाला) 30 पौंडांचा, म्हणजे मीटरला पंधरा किलो. आत्ता मेन लाईनला मीटरला 60 किलोचा असतो. चौपट! एवढ्याशा रुळावर वारीची गर्दी वाहिली त्या गाडीनं. मी लहानपणी मामांबरोबर कुर्डुवाडीवरनं आषाढीला गेलोय, डब्यात जेवढी माणसं तेवढीच टपावर, आणि खिडकीत बसायचा हट्ट केल्यामुळं डोळ्यात कोळशाची कणी गेली ती मामांनी धोतराच्या टोकानं काढली होती, ते अजून आठवतं. गाडी इतकी हळू की खाली उतरून चालत पुढं जावं आणि परत चढावं हा जोक मात्र जो तो सांगतो, मी कुणाला तसं करताना बघितलेलं नाही. तुमच्या लेखात पण आहे तो. दोनदा.

आता मूळ मुद्द्यावर येतो. माझं स्टेशन अडलंय एका झाडावर. मोडनिंबच्या प्लॅटफॉर्मवर पाण्याच्या नळाजवळ एक मोठं झाड होतं. मामा म्हणतात पिंपळ. कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमधनं रिटायर झालेले एक फिटर आहेत, पंच्याऐंशीच्या पुढचे, ते म्हणतात लिंब, म्हणजे कडुलिंब, गावाच्या नावातच निंब आहे तर पिंपळ कुठनं आला. मी दोघांना एकदा समोरासमोर बसवलं तर झाड राहिलं बाजूला आणि 1974 च्या संपात कोण कामावर गेलं होतं यावर भांडण पेटलं, शेवटी कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढं ठेवून मिटवलं. पण साहेब, हसण्यावारी नेऊ नका, ही दोन माणसं आहेत तोवर भांडण तरी होतंय. रूळ उखडले, ब्रॉडगेज झाली, ते चांगलंच झालं, लातूरची माणसं आता थेट मुंबईला जातात, त्याबद्दल रडणाऱ्यातला मी नाही. पण वस्तू कुठं गेल्या? सहा महिन्यांपूर्वी एका भंगारवाल्याकडं गार्डची हातबत्ती मिळाली, रॉकेलवरची, आतली काच फिरवली की लाल नाहीतर हिरवी दिसणारी. त्यानं ती काट्यावर टाकली आणि लोखंडाच्या भावानं दिली. वर म्हणाला, कालच या असल्या पाच गेल्या.

पुण्यात कोथरूडला जोशींचं रेल्वेच्या छोट्या मॉडेलांचं म्युझियम आहे, 1998 पासून, शाळेच्या सहली जातात. सोलापुरात तेवढं होईल असं मी म्हणत नाही. माझं मागणं फार बारकं आहे आणि ते रेल्वेकडं नाही, तुमच्याकडं आहे. तुमचा पेपर कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर, सांगोला सगळीकडं जातो. या प्रत्येक गावात रेल्वेत नोकरी केलेल्यांची घरं आहेत आणि त्या घरांत ट्रंकेत फोटो पडलेत, लग्नाला जाताना प्लॅटफॉर्मवर काढलेले, बदलीच्या निरोपाचे. लोकांना वाटतं त्यात फक्त आपले आजोबा आहेत. आजोबांच्या मागं सिग्नल असतो, डब्याचा नंबर असतो, स्टेशनची पाटी असते, झाड असतं. दर रविवारी एक चौकट द्या, असा एक फोटो, मागं कोण, कुठं, कुठल्या साली एवढं लिहून. फोटो मूळ मालकाकडंच राहू दे, तुम्ही मोबाईलवर नीट काढून घ्या. आणि छापण्याआधी गेज कुणाला तरी विचारा, मला फोन केला तरी चालेल, दुकान रात्री आठपर्यंत उघडं असतं.

आपला,
एक जुना वाचक, विजापूर रोड, सोलापूर

ता. क. मोडनिंबचा फोटो आला तर छापायची वाट न बघता आधी मला कळवा. पिंपळाची पानं कापून तयार आहेत, पण लिंबाची करायची झाली तर मला अजून एक केरसुणी लागेल.