दिल्लीची पत्रं सांगलीच्या खिडकीपर्यंत पोहोचवा: जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय जिल्हाधिकारी, सांगली

विषय: समलिंगी जोडप्यांची एक कुटुंब म्हणून नोंद होण्याबाबत

महोदय,

मी सांगलीची. शाळा, कॉलेज, नोकरी सगळं इथंच झालं. गेली बरीच वर्षं मी माझ्या जोडीदारासोबत संसार करते आहे, आणि ती स्त्री आहे. भाड्याच्या घरात राहतो, म्हणून खाली नाव लिहीत नाही.

गल्लीत आम्हाला कुणाचा त्रास नाही, हे आधीच सांगते. संकष्टीला दोघी गणपतीला जातो, हळदीकुंकवाला शेजारच्या काकू दोघींना हाक मारतात. कुणी विचारलं तर आम्ही मैत्रिणी असतो, आणि विचारणाऱ्यालाही तेवढंच उत्तर हवं असतं. आम्ही गप्प राहतो तोवर हे शहर आम्हाला सांभाळून घेतं. पण सरकारी फॉर्मवर ‘नाते’ असा रकाना असतो, तिथं गप्प राहून भागत नाही. म्हणून हे पत्र तुम्हाला.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमचं तळमजल्याचं घर बुडालं. पाणी ओसरल्यावर घरातला गाळ गल्लीतल्या पोरांनी आमच्या बरोबरीनं उपसला. मग पंचनाम्याला माणूस आला. त्यानं रेशन कार्ड मागितलं. माझं नाव आईवडिलांच्या कार्डावर, तिचं तिच्या गावच्या. ‘मग इथं कुटुंब कुणाचं धरायचं?’ त्यानं विचारलं. बिचारा उद्धट नव्हता, दिवसभर चिखलात फिरून दमला होता. भाडेकरार माझ्या नावावर, म्हणून घरात माणूस एक असं लिहून तो गेला. तिचं शिलाई मशीन दारात चिखलानं भरून पडलं होतं, त्याच्यावर तिची उपजीविका चालायची. ते कागदावर आलंच नाही.

पुढं तिचं पोटाचं ऑपरेशन ठरलं. अनामत रक्कम मी भरली, औषधं मी आणली, रात्री बाकावर मी बसले. सहीची वेळ आली तेव्हा ‘घरचं कुणीतरी बोलवा’ असं सांगितलं. ती शुद्धीवर होती, स्वतः सही करायला तयार होती. तरी इचलकरंजीहून तिच्या भावाला बोलवावं लागलं. आमच्यामुळं तो तिच्याशी बोलणं सोडून बसला होता. तो आला, सही केली आणि माझ्याकडं न बघता निघून गेला. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाची संमती त्यानं स्वतःच द्यायची असते, तिच्या जागी आईचीसुद्धा चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली समीरा कोहली खटल्यात सांगून ठेवलं आहे. हे मला फार उशिरा कळलं. कळलं असतं तर मी त्या टेबलापाशी भांडले असते.

६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या कचाट्यातून आमची सुटका झाली. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं लग्नाचा हक्क मात्र नाकारला. तो निकाल आम्हाला फार लागला. पण लग्न तुमच्या हातात नाही, ते मागायला मी आलेले नाही. त्या खटल्यानंतर केंद्रानं कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि २०२४ मध्ये काही पत्रं निघाली. रेशन कार्डासाठी अशा जोडीदारांना एकाच घरातले धरावं, असं अन्न विभागानं राज्यांना कळवलं. संयुक्त बँक खातं काढायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आम्हाला कोणतीही आडकाठी नाही, असा खुलासा वित्तीय सेवा विभागानं २८ ऑगस्टला केला. जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर मृतदेहाचा ताबा जोडीदाराला मागता यावा, असं आरोग्य मंत्रालयानं लिहिलं. हे शेवटचं वाचताना माझा घसा दाटून आला. निदान तेवढं तरी कुणीतरी लिहिलं, असं वाटलं.

यातलं काहीही आमच्या खिडकीवर पोहोचलेलं नाही. रेशनच्या कार्यालयात मी विचारलं, तेव्हा समोरच्या बाईंनी असं काही आलेलंच नाही म्हणून सांगितलं. त्या खोटं बोलत होत्या असं मला वाटत नाही.

हे तुमच्या अखत्यारीत येतं. पुरवठा विभाग तुमच्या हाताखाली आहे, बँकांची जिल्हास्तरीय बैठक तुमच्या अध्यक्षतेखाली होते, पुराचे पंचनामे तुमच्या आदेशानं होतात. मराठीत एक पानाचं परिपत्रक काढा. दोन सज्ञान माणसं एका घरात राहतात आणि आम्ही एक कुटुंब आहोत असं लिहून देतात, तर त्यांची नोंद तशी करावी, आणि लग्नाचा दाखला मागून त्यांना परत पाठवू नये, एवढंच त्यात असू दे. सांगली-मिरजेच्या सरकारी रुग्णालयांनाही ‘सोबत कोण’ हे रुग्णालाच विचारायला सांगा.

आणखी एक. ॲपवरून ओळख काढून, भेटायला बोलावून, व्हिडिओ करून गे मुलांकडून पैसे उकळले जातात. माझ्या ओळखीच्या एकानं पगार संपेपर्यंत पैसे दिले, पण पोलीस ठाण्याची पायरी चढला नाही. तक्रार केली तर शिपाई आधी घरी फोन करेल, ही त्याची भीती होती. ही सरळसरळ खंडणी आहे, भारतीय न्याय संहितेत तिला कलम ३०८ आहे. तक्रारदाराचं नाव घरी कळवलं जाणार नाही, एवढं पोलीस अधीक्षकांनी जाहीर सांगितलं तरी पोरं पुढं येतील. तुम्ही त्यांच्याशी बोलावं.

सांगलीला हे जमणार नाही असं मला कुणी सांगू नये. याच शहरात वेश्याव्यवसायातल्या बायकांसोबत काम करणारी संग्राम संस्था १९९२ पासून उभी आहे. ज्या बायकांना कुठल्या कार्यालयात कुणी खुर्ची देत नव्हतं, त्यांनी वेश्या अन्याय मुक्ती परिषद बांधली आणि आपलं म्हणणं स्वतःच्या तोंडानं मांडलं. प्रशासनाला त्यांचं ऐकावं लागलं.

परिपत्रक पावसाळ्याच्या आधी निघावं ही विनंती. कृष्णेला पुन्हा पूर आला तर पंचनाम्याला येणाऱ्या माणसाच्या हातात ते असलं पाहिजे.

आपली,
सांगलीची एक रहिवासी