नाणं घासू नका, आधी जागा लिहून ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मेटल डिटेक्टर घेऊन माळरानात, नदीकाठी फिरणाऱ्यांचे व्हिडिओ हल्ली सारखे समोर येतात आणि खरं सांगायचं तर मी पण ते आवडीने बघतो, पण दरवेळी एकाच ठिकाणी डोकं फिरतं. बीप वाजला, खड्डा खणला, हिरवट चकती वर आली की पुढच्या सेकंदाला महाशय ती अंगठ्याने कचाकचा चोळायला लागतात, नाहीतर थुंकी लावून पँटला पुसतात. अहो थांबा ना जरा! त्या मातीत बारीक वाळू असते, सँडपेपरच तो. आणि तांब्या-ब्राँझच्या नाण्यावर जो गुळगुळीत हिरवा थर चढलेला असतो ना, पुष्कळदा अक्षरं आणि राजाचा चेहरा त्या थरातच उरलेला असतो, खालचा धातू कधीच खाल्ला गेलेला, म्हणजे थर गेला की चेहरा पण गेला. लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट, तारेचा ब्रश सगळं बाद. फिकट हिरवी पावडर सुटायला लागली तर मात्र दुर्लक्ष नको, क्लोराइडमुळे धातू आतून सडतोय, कोरड्या डबीत सिलिका जेल (ओलावा शोषणारी पुडी) टाकून ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

पण त्याहून मोठं नुकसान म्हणजे वस्तू नेमकी कुठे, कशी पडली होती ही माहितीच पुसली जाते. इंग्लंडमध्ये सफोकला हॉक्सन गावात 1992 साली एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली, ती शोधायला मित्र डिटेक्टर घेऊन आला तर लागले चांदीचे चमचे आणि सोन्याची रोमन नाणी. थोडंफार काढलं आणि लक्षात आल्यावर हा मित्र चक्क थांबला, कळवलं, दुसऱ्या दिवशी पुरातत्त्ववाले आले आणि त्यांनी नीट खोदलं. जवळजवळ 15 हजार नाणी निघाली ते सोडा, छोट्या बिजागऱ्या, कुलपांचे तुकडे जागच्या जागी सापडले म्हणून कळलं की हे सगळं लाकडी पेटीत व्यवस्थित भरून पुरलेलं होतं. घाईघाईत पोत्यात भरलं असतं तर पेटीचा पत्ताच लागला नसता. (हातोडी पण सापडली, ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे!)

आणि सोनं-चांदीच पाहिजे असंही नाही. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नची 1876 ची लढाई (अमेरिकी सैन्य विरुद्ध तिथल्या मूलनिवासी जमाती), तिथलं गवत 1983 मध्ये वणव्यात जळालं आणि पुढच्या वर्षी पुरातत्त्ववाल्यांनी डिटेक्टरवाले सोबत घेऊन ते रान पिंजून काढलं, मिळालेल्या प्रत्येक गोळीची, काडतुसाच्या पुंगळीची जागा नकाशावर मांडली. पुंगळीवर बंदुकीच्या पिनची खूण उमटते ती जुळवली, तर एकच बंदूक कुठून कुठे सरकली हे दिसायला लागलं. आता त्याच पुंगळ्या कोणी बरणीत जमा केल्या असत्या तर? शोभेचं पितळ, दुसरं काय.

आपले हौशी लोक मात्र लोखंडाचा आवाज मशीनवर सरळ बंद करून टाकतात, खिळे नकोत म्हणून. ठीक आहे, वैताग येतो, कळतं, पण पेटीचे खिळे, बाणाचं टोक हे लोखंडच असतं हो. बरं कॅनची ओढायची कडी आणि सोन्याची अंगठी मशीनच्या स्क्रीनवर (धातू ओळखायला येतो तो) साधारण सारखाच आकडा दाखवतात, त्यामुळे कचरा टाळायला गेलात तर अंगठी पण राहते.

करायचं फार काही नाही, जमीनमालकाला आणि तिथल्या कायद्याला विचारल्याशिवाय मशीन सुरूच करू नका, वस्तू हलवायच्या आधी फोटो काढा, मोबाईलवर लोकेशन सेव्ह करा, किती खोल होती ते लिहा, आणि एका खड्ड्यातून दोन-तीन नाणी आली की खोदणं बंद करून कळवा.

संपादक साहेब, तुमच्याकडून एकच पाहिजे. अशा बातम्यांना 'लाखोंचं घबाड' असले मथळे देऊ नका, ते वाचून लोक रात्रीबेरात्री फावडी घेऊन निघतात. वस्तू काय आहे, कशी सापडली, कोणाला कळवलं, आता कुठे ठेवलीय, एवढं छापलंत तरी पुष्कळ.

आपला,
एक वाचक