वजनकाट्यापाशी आहाराचीही चौकशी व्हावी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर स्त्रियांची तपासणी होते. आरोग्यसेविका म्हणून नोकरीत असताना त्या दिवशी काट्यापाशी बसून मी शेकडो कार्डांवर वजनाचे आकडे लिहिले आहेत. निवृत्तीनंतर, गेल्या महिन्यात, सहावा महिना लागलेल्या भाचीबरोबर मी एका रुग्णालयात गेले होते. तिचे वजन ९ किलोंनी वाढलेले होते आणि हिमोग्लोबिन मात्र जेमतेम ९ भरले. ‘वजन छान वाढतंय’ असे सांगून लोहाच्या गोळ्या दिल्या गेल्या आणि पुढचे नाव पुकारले गेले. ती काय खाते, हे कोणी विचारले नाही. मीही नोकरीत असताना हे क्वचितच विचारत असे, याची आता फार खंत वाटते.

घरी आल्यावर मी विचारले. फोडणीचा वास सहन होत नाही म्हणून सकाळी चहाबरोबर क्रीमची बिस्किटे, दुपारी कार्यालयात कपातले नूडल्स, संध्याकाळी पाकिटातला केक आणि रात्री दुधात, खास गर्भवतींसाठी म्हणून विकली जाणारी, चॉकलेटच्या चवीची पूड. बिस्किटांच्या पुड्यामागची बारीक अक्षरे तिनेच मला वाचून दाखवली: मैदा, साखर, पाम तेल, इन्व्हर्ट सिरप, इमल्सिफायर, कृत्रिम स्वाद. तिला दोष देण्याचे माझ्या मनातही नाही. सकाळी सातला घर सोडणारी, मळमळीने हैराण झालेली मुलगी हाताशी असेल तेच खाणार, आणि घरची वडील माणसेही ‘आता तू दोन जिवांची आहेस, खा’ म्हणत तोच पुडा पुढे करतात.

ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठाचे कार्लोस मोंतेइरो यांनी २००९ मध्ये अशा पदार्थांचा ‘अतिप्रक्रियायुक्त’ असा वेगळा गट मांडला. पोहे, दही, गूळ यांवरही प्रक्रिया होते, पण ते या गटात येत नाहीत. घरच्या स्वयंपाकघरात कधीच नसणारे घटक वापरून कारखान्यात तयार होणारे पदार्थ त्यात येतात. अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २० जणांना दोन आठवडे असा आहार आणि दोन आठवडे साधा आहार दिला गेला. समोर ठेवलेल्या दोन्ही आहारांत साखर, मेद, मीठ आणि चोथा सारखाच असूनही अतिप्रक्रियायुक्त आहारावर माणसे दिवसाला सुमारे ५०० उष्मांक जास्त खात होती आणि त्यांचे वजन जवळपास एक किलोने वाढले. त्यांत गर्भवती नव्हत्या, हे खरे. तरीही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार गरोदरपणी रोज ३५० उष्मांकच अधिक लागतात, हे लक्षात घेतले की काळजी वाटल्याशिवाय राहत नाही.

वजन वाढले म्हणजे बाळाचे पोषण झाले, हा समज तर फारच घातक आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवतींचा अभ्यास केला. आईने एकूण किती उष्मांक घेतले यापेक्षा पालेभाज्या, फळे आणि दूध तिच्या पोटात किती वेळा जाते, याच्याशी बाळाच्या जन्मवेळच्या आकारमानाचा संबंध त्यात आढळला. आपली बाळे वजनाने लहान असूनही अंगात चरबी धरून जन्मतात, हेही याच अभ्यासाने दाखवले. ज्या पोटात बिस्किटाने जागा अडवली, तिथे मेथीची भाजी जाणार कशी?

माझी मागणी साधी आहे. माता व बाल संरक्षण कार्डावर वजन लिहिताना ‘काल दिवसभरात पाकिटातले काय काय खाल्ले?’ हे विचारून त्याचे उत्तर वजनाशेजारी नोंदवावे. त्याला एक मिनिटही लागत नाही. उत्तर ऐकल्यावर मळमळीसाठी कोरड्या लाह्या, डब्यात भिजवलेले शेंगदाणे किंवा राजगिऱ्याचा लाडू असे त्या बाईला परवडेल ते सुचवणे आमच्या आशाताईंना सहज जमेल. आरोग्य विभागाने तसे परिपत्रक काढून येत्या ९ तारखेपासून ही नोंद सुरू करावी, अशी आपल्या वृत्तपत्रामार्फत मी विनंती करते.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
जि. सातारा